‘एकदा अलाइनमेंट करून घ्या’ : एका सल्ल्याची झाडाझडती

सेकंड-हँड, उचललेली फोर-बाय-फोर गाडी सरळ चालत नसेल, तर तुम्हाला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: एकदा अलाइनमेंट करून घ्या. दुसरा सल्ला: स्टिअरिंग डॅम्पर बदला. तिसरा: आता एवढं केलंच आहे तर टायरही बदलून टाका. या क्रमाने जाता जाता पंधरा-वीस हजार रुपये आरामात जातात. गाडी मात्र सत्तरच्या वेगाला एखाद्या खड्ड्यावरून गेली, की पुन्हा तशीच थरथरते.

आजच्या लेखात मला या सल्ल्यांची समीक्षा करायची आहे. सल्ले देणाऱ्यांची नव्हे. त्यातले बरेच जण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्यांखाली झोपलेले आहेत. समीक्षा आहे ती सल्ल्यामागच्या तर्काची. माझं पीएचडीचं काम अरेषीय आंदोलनांवर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखादी व्यवस्था शांत असताना अचानक स्वतःहून डोलायला का लागते, हा प्रश्न. स्टिअरिंगची थरथर हे त्याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण. इथे चुकलेल्या तर्काची किंमत नुसती पैशांत मोजली जात नाही. घाटाच्या उतारावर, घरचे मागच्या सीटवर बसलेले असताना, हातातलं चाक हातात राहील की नाही, इथपर्यंत हा प्रश्न जातो.

आधी गाडी कुठली ते बघू

डोळ्यांसमोर मारुतीची जिप्सी आणा. १९८५ साली आलेली ही गाडी पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सलची आणि पाट्यांची. म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच कडक दांड्याच्या दोन टोकांना. भारतात २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही पुढे अखंड ॲक्सलच आहे, फक्त पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलला मागून धरणारे दोन हात. २०१० नंतरच्या बहुतेक थारला पुढची चाकं स्वतंत्र आहेत. तिचं गणित वेगळं, म्हणून ती आज बाजूला ठेवू.

जिप्सी उचलायच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. एक, पाट्यांचे शॅकल लांब करायचे. दुसरी, मूळ गाडीत ॲक्सलच्या खालून जाणारे पाटे ॲक्सलच्या वर बसवायचे. यात गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास वर जाते. वर मोठे टायर, बाहेर निघालेल्या रिम नाहीतर स्पेसर. दिसायला झकास. पण या प्रत्येक बदलाने स्टिअरिंगच्या भूमितीत काहीतरी हललेलं असतं. तुम्ही तिसरे किंवा चौथे मालक असाल, तर काय हललं, कधी हललं, कुणी हलवलं, याची नोंद तुमच्याकडे नसते.

नोंद का नसते याला एक कारण आहे. मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ ठामपणे सांगितला. कायद्याचा हेतू सुरक्षिततेचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण झालंय असं, की उचलणं थांबलं नाही, फक्त बिल फाडणं थांबलं. काम तोंडी होतं आणि माहिती त्या गॅरेजपाशीच राहते. विकताना मालक एवढंच सांगतो, “थोडी लिफ्ट केलीये, बाकी मक्खन आहे.”

पाच तक्रारी, एकच औषध

या सल्ल्यावर माझा पहिला आक्षेप असा, की तो ऐकून घेण्याआधीच औषध देतो. ‘स्टिअरिंगचा प्रॉब्लेम’ या एका नावाखाली किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात.

एक: गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंगचं चाक वाकडं असतं.
दोन: चाक सोडलं की गाडी एका बाजूला खेचते.
तीन: गाडी कुठल्याच बाजूला ठरवून जात नाही, भटकते. सरळ रस्त्यावरही सारखं चाक सावरावं लागतं.
चार: खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर चाक आपोआप फिरतं.
पाच: ठरावीक वेगाच्या पुढे एखादा धक्का बसला, की दोन्ही चाकं डावी-उजवी जोरात झटके मारायला लागतात आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत थांबत नाहीत. याला बाहेर ‘डेथ वॉबल’ म्हणतात.

पहिली तक्रार लांबीची आहे, दुसरी डाव्या-उजव्यातल्या फरकाची. तिसरी कॅस्टर आणि सांध्यांमधल्या ढिलाईची, चौथी दोन दांड्यांच्या न जुळणाऱ्या कमानींची. आणि पाचवी तर कंपनांची, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या जातीची. ताप, खोकला, पाठदुखी आणि फिट येणं या सगळ्यांवर एकच गोळी देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का?

गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ‘लक्षण – संभाव्य कारण – उपाय’ असा तक्ता असतो. त्यात ही लक्षणं निदान वेगळी लिहिलेली असतात, हे त्याचं श्रेय. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. तो मूळ उंचीच्या गाडीसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे ‘भूमितीच बदलली आहे’ हे कारण यादीत नसतंच. दुसरं म्हणजे, एका लक्षणासमोर सात-आठ कारणं असतात, पण त्यांतलं कुठलं हे वेगळं कसं काढायचं याची चाचणी क्वचितच सांगितलेली असते. मग यादी वरून खाली बदलत जाणं एवढंच हातात राहतं. त्याला निदान म्हणत नाहीत, ती सामानाची खरेदी झाली.

अलाइनमेंटचं मशीन नेमकं काय सुधारतं?

चाकांच्या मांडणीत तीन कोन महत्त्वाचे. समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललंय तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलीत तो टो. आणि बाजूने पाहिलं तर चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस मागे किती झुकलाय तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. हँडल मागे आणि चाक पुढे असतं, तोच कॅस्टर.

आता गंमत बघा. जिप्सीसारख्या गाडीत सहज फिरवून बदलता येतो तो फक्त टो. कॅम्बर आणि कॅस्टर अखंड ॲक्सलमध्येच पक्के झालेले असतात. टो ठरवणारा टाय रॉड दोन्ही चाकांना थेट जोडलेला असतो आणि ॲक्सलबरोबरच वर-खाली होतो. त्यामुळे गाडी उचलल्याने टो जवळपास बदलतच नाही! म्हणजे उचलल्यामुळे जे बिघडतं ते मशीनवाला दुरुस्त करू शकत नाही, आणि जे तो दुरुस्त करतो ते उचलल्यामुळे बिघडलेलंच नसतं. सल्ल्याचं हे सगळ्यात मोठं अपयश.

मग उचलल्यावर बिघडतं काय? सगळ्यात आधी कॅस्टर. जिप्सीचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले, की पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, पाटा नाक खाली करून बसतो आणि त्यावर बांधलेला ॲक्सल वरून पुढे कलतो. कॅस्टर कमी झाला. जिम्नीत हेच ॲक्सल धरणाऱ्या हातांमुळे होतं. समजा असा हात ८० सेंमी लांब आहे आणि गाडी ५ सेंमी उचलली. हात साधारण साडेतीन अंश फिरतो, आणि त्याला घट्ट बसवलेला ॲक्सलही तेवढाच फिरतो.

साडेतीन अंश म्हणजे थोडे वाटतात. पण चाकाची त्रिज्या ३३ सेंमी धरली तर ३ अंशांच्या कॅस्टरला चाकाचा आस जमिनीला टेकतो ती जागा टायरच्या मधल्या बिंदूच्या सुमारे १७ मिमी पुढे असते. याच अंतरामुळे चाक, दुकानातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं, मागे ओढलं जाऊन सरळ होतं. कॅस्टर १ अंश उरला तर हे अंतर ६ मिमीच्या आत येतं. टायरची स्वतःची सरळ होण्याची ओढ थोडी असते, म्हणून गाडी चालते. पण वळणावरून बाहेर येताना चाक हातात परत येत नाही आणि हायवेवर गाडी भटकते. तक्रार क्रमांक तीन.

यावर उपाय आहेत: पाटा आणि ॲक्सलमध्ये तिरपी पाचर, किंवा जिम्नीसारख्या गाडीत दुरुस्तीचे बुश. पण इथेही एक सावधगिरी हवी. ॲक्सल मागे फिरवला, की त्याच्या पोटातला डिफरेन्शियलही फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. एक दुखणं घालवताना दुसरं येऊ शकतं. शिवाय कॅस्टर जास्त झाला तरी थरथर वाढू शकते. ‘जितका जास्त तितका चांगला’ हा नियम इथे लागू नाही.

दुसरं बिघडतं ते ड्रॅग लिंकचं. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर, चाक खाली ॲक्सलवर. या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. गाडी वर गेली की हा दांडा जास्त तिरपा होतो आणि त्याची आडवी लांबी घटते. परिणाम: स्टिअरिंगचं चाक वाकडं. शिवाय तिरपा दांडा खड्ड्यात वर-खाली होताना आडवाही सरकतो आणि चाकांना वळवतो. म्हणजे तक्रार एक आणि चार, दोन्हींचं मूळ एकच. पाटे वर घेतलेल्या जिप्सींमध्ये म्हणून झेडच्या आकारात वाकवलेला ड्रॅग लिंक लावतात, म्हणजे निदान टोकांची उंची थोडी जुळते. जिम्नीत ॲक्सलला आडवा धरणारा आणखी एक दांडा असतो. तो आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहायला हवेत. एकाला खाली घेतलं आणि दुसऱ्याला विसरलं, की खड्ड्यात चाक फिरणारच.

स्टिअरिंग काढून सरळ बसवणे: एक घातक सोय

वाकड्या चाकावरचा लोकप्रिय उपाय बघा. मधला नट सोडायचा, स्टिअरिंग उपसायचं, दोन-चार दाते फिरवून सरळ बसवायचं. दहा मिनिटांत काम. ग्राहक खूश.

पण या जुन्या धाटणीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये एक बारकावा असतो. बॉक्स मुद्दाम असा बनवतात, की बरोबर मध्यावर तो किंचित घट्ट असतो आणि दोन्ही बाजूंना सैल होत जातो. कारण गाडी नव्वद टक्के वेळ सरळ जाते आणि तिथेच ढिलाई नको असते. तुम्ही वरचं चाक सरळ केलंत, पण आतला बॉक्स अर्धा फेरा फिरलेलाच राहिला, तर गाडी आयुष्यभर बॉक्सच्या सैल भागात सरळ चालणार. आधी फक्त चाक वाकडं दिसत होतं. आता गाडी भटकतेसुद्धा. मग कुणीतरी बॉक्सवरचा स्क्रू आवळतो. सैल भाग घट्ट झाला, पण मध्य जास्तच आवळला गेला, आणि वळणावरून स्टिअरिंग परत येईना. असे थरावर थर चढत जातात.

योग्य रस्ता कंटाळवाणा आहे. ड्रॅग लिंक सोडा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा, बरोबर निम्म्यावर आणा. पुढची चाकं सरळ करा. मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवून तो जोडा. यानंतरही वरचं चाक वाकडं असेल, तर पूर्वी कुणीतरी ते काढून बसवलंय हे कळलं. आता ते खुशाल काढा.

तीन कागद, जे कुणी शेजारी ठेवले नाहीत

माझ्या ओळखीतल्या एकाने अशीच उचललेली जिप्सी घेतली. भटकायची आणि मधूनच थरथरायची. त्याने दोन महिन्यांत तीन वेळा अलाइनमेंट केलं, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येक वेळी छापील कागद मिळाला: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, आणि ‘नंतर’चे सगळे आकडे हिरवे. तीनही कागद त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होते.

मी ते शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. पहिल्या कागदावरचा ‘नंतर’चा टो आणि दुसऱ्या कागदावरचा ‘आधी’चा टो जुळायला हवेत ना? मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही, गाडी कुठे आपटलेली नाही. ते जुळत नव्हते. दुसरा आणि तिसराही जुळत नव्हता. आणि फरक एकदा एका दिशेला, एकदा दुसऱ्या. मशीनं वेगवेगळी होती हे धरलं, तरी एवढा मोठा आणि दिशा बदलणारा फरक त्याने भागत नाही. म्हणजे टो बिघडत नव्हता. टो नावाची ठरलेली गोष्ट त्या गाडीत शिल्लकच नव्हती.

हिशेब सोपा आहे. टाय रॉडचं टोक चाकाच्या आसापासून साधारण १५ सेंमीवर जोडलेलं आहे असं धरा. त्या सांध्यात १ मिमी ढिलाई असेल, तर चाक सुमारे ०.४ अंश मोकळं हलू शकतं. १५ इंची रिमच्या कडेला मोजलं तर हे अडीच मिमी होतात. आणि टो आपण जुळवतो किती? मिलिमीटर-दोन मिलिमीटर. ज्या फुटपट्टीचं टोकच अडीच मिमी हलतंय, तिने आपण एक मिमी मोजतोय.

प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात: एकच माप तीनदा घ्या, आणि तीन आकड्यांत किती फरक आहे तो लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. अलाइनमेंटच्या कागदावर आकडे दशांशात असतात, रंगीत असतात, पण फरकाचा रकाना नसतो. हिरवा रंग एवढंच सांगतो, की त्या क्षणी, उभ्या गाडीत, ढिले सांधे जिथे विसावले होते तिथे कोन बरोबर होता. ८० च्या वेगात सांधे तिथेच विसावतील याची हमी तो देत नाही. मशीन खोटं बोलत नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. साधी चाचणी सांगतो: मापन झाल्यावर गाडी मशीनवरून उतरवून थोडी पुढे-मागे करून पुन्हा चढवायला सांगा आणि पुन्हा मोजा. आकडे जुळले नाहीत, तर पैसे देऊन टो जुळवण्यात अर्थ नाही.

त्या जिप्सीत दोष निघाला तो दोन ठिकाणी: टाय रॉडचं एक टोक झिजलेलं, आणि स्टिअरिंग बॉक्स चॅसीला धरणारे बोल्ट ढिले. दुसरा दोष तर बॉक्सवर नुसता हात ठेवून कळला.

थरथर : इथे खरं संशोधन आहे

आता पाचवी तक्रार. १९२० च्या दशकात मोटारींना पुढचे ब्रेक आणि कमी हवेचे मऊ, रुंद टायर आले, आणि पुढची चाकं थरथरण्याची जणू साथच आली. फ्रान्समध्ये ब्रुइये यांनी १९२५ मध्ये टायरच्या आडव्या घसरणीशी तिचा संबंध जोडला. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी याच प्रकारच्या प्रश्नांवर काम केलं, आणि १९३४ च्या मॉडेलांमध्ये त्या कंपनीने पुढचा अखंड ॲक्सल सोडून स्वतंत्र चाकं आणली. १९४१ मध्ये जर्मनीत फोन श्लिपे आणि डीट्रिख यांनी टायरला ताणलेल्या दोरीसारखं मानून गणित मांडलं. १९६६ मध्ये हान्स पासेइका यांनी डेल्फ्टमध्ये चाकाच्या थरथरीवरच पीएचडी केली. टायरच्या गणितात आजही त्यांचं नाव पहिलं येतं.

या सगळ्यातून हाती आलेली मुख्य गोष्ट अशी: कंपनं दोन जातींची असतात. चाकाला बॅलन्सिंग नसेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. ७० च्या वेगाला ३३ सेंमी त्रिज्येचं चाक सेकंदाला साधारण ९ फेरे मारतं, म्हणजे ९ धक्के. हे बाहेरून लादलेलं कंपन. ते ठरावीक वेगाला वाढतं, वेग आणखी वाढवला की कमी होतं, आणि त्याच वेगाला पुन्हा पुन्हा येतं.

दुसरी जात म्हणजे स्वतःहून पोसलं जाणारं कंपन. फळ्यावर खडू किंचाळतो ते आठवा. तुमचा हात एकसारखा सरकतोय, तुम्ही सेकंदाला हजार वेळा हात हलवत नाही. खडू त्या एकसारख्या जोरातूनच कंपनाची ताकद काढतो. टायरचं तसंच. चाक वळलं की टायरचा आडवा जोर लगेच तयार होत नाही, थोडं अंतर चालल्यावर होतो. हा उशीर चुकीच्या वेळी जुळला, की रस्ता चाकाला थोपवण्याऐवजी ढकलायला लागतो. ताकद येते गाडीच्या पुढे जाण्यातून. अखंड ॲक्सलमध्ये भर अशी, की एक चाक वर उचललं गेलं की फिरणाऱ्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती वळायलाही लागतात. टायर जितके मोठे आणि जड, तितकं हे जास्त.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही थरथर उंबरठ्यावर चालते. उथळ ताटलीत ठेवलेली गोटी हलकेच ढकलली तर परत मध्ये येते. जोरात ढकलली तर कड ओलांडून जाते. छोटा खड्डा: काही होत नाही. मोठा खड्डा: सुरू. सुरू झाल्यावर वेग थोडा कमी करून भागत नाही, बराच कमी करावा लागतो. म्हणूनच गॅरेजवाल्याला फेरी मारायला दिली की गाडी शहाण्यासारखी वागते, आणि तो म्हणतो, “साहेब, काही नाहीये.” तो खोटं बोलत नाही, आणि तुम्हीही नाही.

आता डॅम्परचा सल्ला तपासू. नवा डॅम्पर ताटलीची कड उंच करतो. गोटी बाहेर पडायला जास्त मोठा धक्का लागतो. दोन-तीन महिने सुखात जातात. पण ताटली उथळ करणारी कारणं, झिजलेला सांधा, ढिलं किंगपिन बेअरिंग, ओघळलेला बुश, तशीच असतात आणि झिजत राहतात. डॅम्पर वाईट नाही. पण पहिला लावला, तर तो इशाराच बंद करतो. धुराची घंटा बंद करून आग विझत नाही.

अभ्यासकांवरही टीका करायला हवी. एवढी शंभर वर्षांची समज असूनही, माझ्या क्षेत्रातलं बरंचसं लिखाण समीकरणापाशी थांबतं. ‘ढिलाई वाढली की उंबरठा खाली येतो’ हे आम्ही आलेख काढून दाखवतो. कुठल्या सांध्याची ढिलाई, ती कशी शोधायची, हे वाक्य पुढे येत नाही. जो माणूस गाडीखाली झोपतो त्याच्या हातात आमचं काहीच पोचत नाही, मराठीत तर नाहीच. मग त्याने अनुभवाने जुळवलेल्या क्रमाला हसायचा आम्हाला हक्क नाही.

मग क्रम काय असावा?

स्वस्त आणि वेगळं काढणारी चाचणी आधी, महाग बदल शेवटी. एका वेळी एकच बदल. आणि प्रत्येक वेळी तारीख घालून वहीत नोंद.

सुरुवात टायरपासून. चारही चाकांची हवा सारखी करा. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. तक्रार बदलली तर दोष टायर-रिममध्ये. तशीच राहिली तर टायर निर्दोष. खर्च शून्य ते दोनशे रुपये.

मग गाडी चाकांवर उभी, हँडब्रेक लावलेला, चाकांना ओट लावलेले. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायचं, दुसऱ्याने बॉक्सपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जायचं, बोटं चिमटणार नाहीत अशा बेताने. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे ढिलाई. बॉक्सचे बोल्ट आणि त्याच्या आसपासचा चॅसीचा पत्रा, त्याला तडा आहे का, हे विसरू नका. मग चाक जॅकवर उचलून, चॅसीखाली स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. शेवटी यू-बोल्ट, शॅकल, बुश.

ढिलाई संपली की भूमिती. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा; फरक असेल तर ॲक्सल तिरका बसलाय आणि गाडी खेचणारच. मशीनवर फक्त कॅस्टरचा आकडा विचारा, काही न फिरवता. तो दुरुस्त करा. मग ड्रॅग लिंकने स्टिअरिंगचा मध्य. मग टो. मग बॅलन्सिंग. डॅम्पर सगळ्यांत शेवटी. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी सगळे सुरुवात करतात, त्या या यादीत तळाला आहेत.

एक इशारा: थरथर मुद्दाम आणून बघायला हायवेवर जाऊ नका. कधी आलीच, तर जोरात ब्रेक मारू नका, चाकाशी कुस्ती खेळू नका. चाक घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी हळूहळू मंदावू द्या. एकदा आली असेल तर तपासणी होईपर्यंत त्या गाडीने घाट उतरू नका.

‘अलाइनमेंट करून घ्या’ हा सल्ला चुकीचा नाही, तो अवेळी दिलेला आहे. त्याच्या आधी तीन प्रश्न यायला हवेत: नेमकं काय होतंय? सांधे घट्ट आहेत का? आकडा दोनदा मोजला तर तोच येतो का? पुढच्या वेळी कागदावर सगळे आकडे हिरवे दिसले, तर मागचा कागदही शेजारी ठेवून बघा. आणि गाडी विकाल तेव्हा ती वही नव्या मालकाला द्या.